लिमाची दुपारची खानावळ

दुपारचे साडेबारा वाजले की लिमाच्या गल्ल्यांमध्ये फळे बाहेर येतात. काळा नाहीतर पांढरा फळा, त्यावर घाईघाईत लिहिलेली आजची नावं. वरच्या अर्ध्या भागात तीन-चार ‘एन्त्रादा’, म्हणजे आधी येणारं सूप किंवा थंड पदार्थ. खालच्या अर्ध्या भागात पाच-सहा ‘सेगुंदो’, म्हणजे मुख्य ताट. आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत किंमत: १२ सोल, १५ सोल, जरा बऱ्या वस्तीत १८ किंवा २०. एक सोल म्हणजे आपले पंचवीसच्या आसपास रुपये. एवढ्या पैशांत वरच्या यादीतला एक पदार्थ, खालच्या यादीतला एक आणि ग्लासभर सरबत मिळतं. या ठरावीक दराच्या जेवणाला लिमात ‘मेनू’ म्हणतात. कचेरीतले कारकून, बांधकामावरचे मजूर, टॅक्सीवाले, गणवेशातल्या परिचारिका, म्हातारी जोडपी, सगळे तासाभरात जेवून जातात. तीन वाजता फळ्यावरची निम्मी नावं पुसलेली असतात आणि चारला खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या असतात.

गेल्या वीस वर्षांत खाण्याच्या जगात पेरूचं नाव फार मोठं झालं. २०२३ मध्ये जगातल्या सर्वोत्तम पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत लिमाचं ‘सेन्त्राल’ पहिलं आलं, २०२५ मध्ये लिमाचंच ‘माइदो’. विर्खिलियो मार्तिनेस, पिया लेओन, मित्सुहारू त्सुमुरा या बल्लवांची नावं आज जगभरच्या खवय्यांना पाठ आहेत. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला आदरच आहे. पण सेन्त्रालमधल्या एका जेवणाला हजार सोलांहून जास्त मोजावे लागतात, आणि लिमाचा माणूस जेवतो तो फळ्यासमोर उभा राहून निवडतो ते. पेरूची पाककला टिकवली, वाढवली आणि रोजच्या रोज तपासून पाहिली ती या गल्लीतल्या खानावळींनी. हे श्रेय त्यांना अजून पुरतं मिळालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरकीयो हा मिराफ्लोरेसला अगदी खेटून असलेला विभाग. दोहोंच्या मधून खंदकासारखा खोल द्रुतगती मार्ग जातो. एका काठावर परदेशी पाहुण्यांची हॉटेलं, उंच इमारती आणि पलीकडे समुद्र. पूल ओलांडला की दुसऱ्या काठावर मंडई, गॅरेजं, शिंप्यांची दुकानं आणि खानावळी. मी जिथे वारंवार जेवले त्या खानावळीला पाटी नव्हती, फळा हीच पाटी. आत मोजकी टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं प्लास्टिक. एका भिंतीवर टीव्ही, दुसऱ्या भिंतीवर ‘सेन्योर दे लोस मिलाग्रोस’ची तसबीर. हा लिमाकरांचा लाडका ख्रिस्त. दर ऑक्टोबरात त्याच्या मिरवणुकीला लाखो माणसं जांभळे कपडे घालून रस्त्यावर उतरतात. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, टेबल आपलं एकट्याचं नसतं. शेजारचा माणूस जेवून उठताना अनोळखी असला तरी ‘प्रोवेचो’ म्हणून जातो, आणि आपणही मान हलवून उत्तर द्यायचं. नेहमीची गिऱ्हाईकं मालकीणबाईंना ‘कासेरा’ म्हणतात. त्याही गिऱ्हाइकाला त्याच नावाने हाक मारतात. महिन्याचे पैसे आगाऊ भरून रोज जेवणारेही असतात. त्यांचा हिशोब गल्ल्याशेजारच्या वहीत.

पहिल्या ताटात मी बहुतेक वेळा ‘पापा आ ला वांकाइना’ मागत असे. उकडलेल्या पिवळ्या बटाट्याच्या जाड चकत्या, खाली लेट्यूसचं पान, वरून दाट पिवळी चटणी, तिच्यावर अर्धं उकडलेलं अंडं आणि एक काळं ऑलिव्ह. दिसायला साधं, पण यात दोन गोष्टी अशा आहेत की पेरूबाहेर हा पदार्थ जमणं कठीण. एक म्हणजे बटाटा. ‘पापा आमारिया’ हा बटाटा आतून अंड्याच्या बलकासारखा पिवळा, कोरडा आणि इतका पिठूळ असतो की काट्याने दाबला की भुगा होतो आणि तो भुगा चटणी पिऊन घेतो. दुसरी गोष्ट ‘आही आमारियो’ ही मिरची. नावात पिवळा रंग असला तरी पिकल्यावर ती भगवी होते. बोटभर लांब, जाड सालीची. तिखट आहे, पण तिखटाच्या आधी तिला फळासारखा गोड वास येतो. बाई तिच्या शिरा आणि बिया काढून टाकत, कांदा-लसणाबरोबर तेलात मऊ होईपर्यंत परतत, मग ताजं पांढरं चीज, आटवलेलं दूध आणि खारी बिस्किटं घालून वाटत. बिस्किटं किती हे मिश्रणाकडे पाहून ठरायचं. चमच्यावरून सावकाश घसरली पाहिजे, ओघळता कामा नये, एवढाच त्यांचा नियम.

पेरूच्या डोंगरात बटाट्याचे चार हजारांच्या आसपास देशी वाण आहेत. त्यांच्या जतनाचं आणि अभ्यासाचं काम करणारं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून लिमाच्याच ला मोलिना विभागात आहे. पण बटाट्याचं खरं ज्ञान खानावळीत कळतं. सूपला एक बटाटा, तळायला दुसरा, ‘काउसा’ला तिसरा. काउसा म्हणजे पिवळा बटाटा कुस्करून, त्यात लिंबू आणि मिरचीची पेस्ट मळून केलेले थंड थर, मध्ये कोंबडी किंवा ट्यूना. आणि ‘कारापुल्क्रा’ला तर वाळवलेला बटाटा लागतो. उकडून, तुकडे करून उन्हात कडक वाळवलेला. तो आधी कोरडाच भाजतात, भिजवतात, मग मिरची, डुकराचं मांस आणि वाटलेले शेंगदाणे घालून तासन्‌तास शिजवतात.

शेंगदाण्यांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर पेरूत सिपान इथे १९८७ मध्ये वॉल्तेर आल्वा यांना मोचे संस्कृतीतल्या एका राजाची कबर सापडली. त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती: एका बाजूला सोन्याच्या दहा शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या दहा. शेंगेवरच्या जाळीदार रेघासुद्धा हुबेहूब कोरलेल्या. लांबायेकेच्या संग्रहालयात ती माळ पाहताना मला आपल्या एकादशीच्या ताटाची आठवण झाली. शेंगदाणा, बटाटा, रताळं, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, राजगिरा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं, आणि त्यातलं बहुतेक पेरूच्या मंडईत आजही शेजारी शेजारी मांडलेलं दिसतं. आपण ज्या ताटाला सर्वांत सोवळं मानतो, ते पोर्तुगीज जहाजं इकडे येण्यापूर्वी आपल्याकडे असणंच शक्य नव्हतं. या देशाचं आपल्यावर एवढं ऋण आहे आणि त्याच्या जेवणाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

उलट दिशेनेही पुष्कळ गेलेलं आहे. भात, ऊस, कांदा, कोथिंबीर, जिरं, आलं. कोंबडी आणि गाय. कांदा-लसूण परतून केलेल्या ज्या वाटणावर लिमातला जवळपास प्रत्येक रस्सा उभा राहतो, त्यात जिरं असतंच. ‘काउ काउ’ हा वजडी आणि बटाट्याचा रस्सा पिवळा होतो तो हळदीने, आणि वरून पुदिना पडतो. ‘आरोस कोन पोय्यो’चा भात कोथिंबिरीच्या वाटणाने गर्द हिरवा. त्या टेबलावर बसलं की मराठी जिभेला परकं वाटत नाही, ते यामुळे.

दुसऱ्या ताटाच्या यादीत रोज न चुकता असे ‘लोमो साल्तादो’. या ताटाविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पेरूच्या इतिहासातला एक काळाकुट्ट कालखंड त्यात शिजलेला आहे. गोमांसाच्या पट्ट्या, कांद्याच्या जाड फोडी, टोमॅटो, आही आमारियोच्या काड्या. लोखंडी कढई आचेवर लालबुंद होईपर्यंत तापवलेली. मांस पडलं की भडका उठतो, आणि तो उठायलाच हवा. तो धुरकट वास हाच या पदार्थाचा प्राण. मग सोया सॉस, शिर्का, कोथिंबीर, आणि शेवटी तळलेल्या बटाट्याच्या काड्या आत घालून एकदा परतायचं. शेजारी भाताची मूद. दोन-तीन मिनिटांचं काम. कांदा करकरीत राहिला पाहिजे आणि टोमॅटोने आकार सोडता कामा नये.

ही कढई, ही आच आणि हा सोया सॉस चिनी मजुरांचा. १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत दक्षिण चीनमधून सुमारे एक लाख माणसं करारावर पेरूत आणली गेली. करार आठ वर्षांचा, वागणूक गुलामाची. चिंचा बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणायचं, किनाऱ्यावरच्या मळ्यांत ऊस आणि कापूस काढायचा, रेल्वेचे रूळ टाकायचे. वाटेतच अनेक जण जहाजांवर मेले. करारात रोजच्या तांदळाचा शिधा लिहिलेला असे, म्हणून मळ्यांवर भात आला. जे जगले ते करार संपल्यावर लिमाला आले आणि मध्यवर्ती मंडईच्या आसपास, कापोन गल्लीत, त्यांनी स्वस्त खानावळी काढल्या. त्यांच्याकडे जेवायला येणारी गिऱ्हाईकं शहरातल्या गरिबांपैकी होती. शेजाऱ्यांचा द्वेष काही लगेच संपला नाही. १९०९ मध्ये तिथली चिनी वस्ती दंगलीच्या वातावरणात पाडली गेली. आणि तरी १९२०-३० पासून ज्या चिनी पद्धतीच्या भोजनगृहांना ‘चिफा’ नाव पडलं, ती आज लिमाच्या प्रत्येक वस्तीत आहेत. रविवारी संध्याकाळी सहकुटुंब चिफात जाऊन ‘चाउफा’, म्हणजे परतलेला भात, आणि वांतान सूप मागवणं ही लिमाची घरोघरची रीत आहे. आल्याला आणि सोया सॉसला पेरूतले लोक आजही कॅन्टोनीज नावांनीच ओळखतात.

जपानी माणसं नंतर आली. ३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ हे जहाज ७९० मजूर घेऊन कायाओ बंदराला लागलं. मळ्यांतून सुटल्यावर तेही शहरात आले आणि केशकर्तनालयं, किराणा दुकानं, छोटी उपाहारगृहं चालवू लागले. मे १९४० मध्ये त्यांची दुकानं लुटली गेली. महायुद्धात पेरू सरकारने सुमारे १,८०० जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवलं, आणि त्यातल्या बहुतेकांना परत येऊ दिलं नाही. मागे उरलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी मासळीच्या खानावळी काढल्या. किनाऱ्यावरच्या लोकांना कमअस्सल वाटणारे मासे, खेकडे, ऑक्टोपस त्यांनी ताटात आणले. सुरकीयोतली ‘आल तोके पेस’ ही तोमास मात्सुफुजी यांची टीचभर खानावळ २०२० मध्ये एका माहितीपट मालिकेतून जगाला दिसली. रसायनशास्त्रात उच्च शिक्षण घेतलेला हा माणूस वडिलांचाच व्यवसाय करतो. चार-सहा स्टुलं, समोर कढईचा भडका, आणि एकाच ताटात सेविचे, तळलेला माकूल आणि मासळीचा भात.

सेविचेची गोष्टही या खानावळींतच बदलली. कच्च्या मासळीचे चौकोनी तुकडे, मीठ, उभा चिरलेला लाल कांदा, ‘आही लिमो’ ही बारीक जहाल मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचा रस. लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं, लहान, पातळ सालीचं, बहुतेक उत्तरेकडच्या पिऊरा प्रांतातून येणारं. जुन्या काळी मासळी त्या रसात कित्येक तास मुरवत. जपानी हातांनी ती वेळ मिनिटांवर आणली. आज लिमात तुम्ही मागितल्यावरच मासळी कापली जाते आणि लिंबू पिळल्यावर थोड्याच वेळात बशी समोर येते. तुकड्याची कड पांढरी झालेली, गाभा अजून पारदर्शक. बाजूला उकडलेल्या रताळ्याची जाड चकती आणि भल्या मोठ्या दाण्यांचा मका, कारण आंबट-तिखटाला गोड आधार हवा. बशीत उरलेलं दुधाळ आंबट पाणी, ‘लेचे दे तिग्रे’, चमच्याने संपवायचं असतं. ते टाकून उठणाऱ्या परदेशी माणसाकडे शेजारचे लोक खरोखर हळहळून पाहतात.

सेविचेच्या खानावळी संध्याकाळी बंद असतात. पहाटे बोटीवरून उतरलेली मासळी दुपारपर्यंतच खायची, ही बर्फ नव्हता तेव्हाची शिस्त आजही पाळली जाते. मला ती अतिशय शहाणपणाची वाटते, कारण लिंबाच्या आम्लाने मासळीचा रंग आणि पोत बदलतो, पण उष्णतेसारखे जंतू मरत नाहीत. १९९१ मध्ये पेरूत पटकी आली तेव्हा याची भयंकर किंमत कळली: तीन लाखांहून जास्त रुग्ण, सुमारे २,९०० मृत्यू. मुख्य दोष दूषित पाण्याचा आणि गटारांचा होता, पण सेविचेवर संक्रांत आली आणि कोळ्यांचा धंदा बसला. त्यातून सावरून हाच पदार्थ २००४ मध्ये राष्ट्रीय वारसा ठरला. २८ जून हा त्याचा राष्ट्रीय दिवस झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचे करण्या-खाण्याच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

ज्या खानावळीबद्दल मी सांगते आहे तिथल्या बाई मूळच्या आयाकुचोच्या. १९८० च्या दशकात लहान असताना आईबरोबर लिमाला आलेल्या. का आलात, हे त्यांना विचारावं लागत नाही. ‘सेन्देरो लुमिनोसो’ या माओवादी संघटनेने १९८० मध्ये आयाकुचोतूनच सशस्त्र लढा सुरू केला. लष्कर आणि बंडखोर यांच्यामध्ये खेडी भरडली गेली. पुढे सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत आणि बेपत्ता माणसांचा अंदाज दिला, तो ६९ हजारांच्या वर होता. त्यातले चारांपैकी तीन जण केचुआसारखी मूळची भाषा बोलणारे होते. डोंगरातून माणसांचा लोंढा लिमाकडे वाहिला. १९४० मध्ये साधारण सहा लाखांचं असलेलं हे शहर आज एक कोटीच्या वर गेलं आहे. शहराच्या कडेच्या वाळूत त्यांनी चटयांच्या झोपड्या बांधल्या, आणि त्याच वाळूत बायकांनी सामुदायिक चुली पेटवल्या.

‘कोमेदोर पोपुलार’ या चळवळीला माझ्या मते विसाव्या शतकातल्या स्त्रियांच्या मोठ्या कामांत जागा द्यायला हवी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वस्तीतल्या वीस-तीस बायका एकत्र येऊ लागल्या. मंडईतून एकगठ्ठा माल आणायचा, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, अगदी कमी दरात ताटं द्यायची आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांना फुकट. ऑगस्ट १९९० मध्ये फुहिमोरी सरकारने एका रात्रीत भाववाढ लादली, पेट्रोल सुमारे तीस पटींनी महागलं. तेव्हा लिमा उपाशी राहिली नाही ती या चुलींमुळे. विया एल साल्वादोर या वाळवंटातल्या वसाहतीत मारिया एलेना मोयानो ही तरुण कृष्णवर्णीय स्त्री त्या बायकांची पुढारी होती. भुकेल्यांना जेवू घालणाऱ्या या संघटना बंडखोरांना आपल्या वाटेतला अडथळा वाटत. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी, बायकांच्या एका कार्यक्रमात, तिच्या मुलांदेखत तिला गोळ्या घातल्या आणि देहाखाली सुरुंग लावला. ती ३३ वर्षांची होती.

बाईंच्या आईने कोमेदोरमध्ये शंभर ताटांचा स्वयंपाक केला होता. शंभर माणसांना पुरेल इतकं, वाया न जाणारं आणि रोज वेगळं कसं शिजवायचं, हे शिक्षण तिथलं. फळ्यावरची यादी नीट वाचली तर ते कळतं. सोमवारी उकडलेल्या कोंबडीचं पाणी सूपला जातं, तिचं मांस धाग्याधाग्याने सोडवून ‘आही दे गायिना’च्या पिवळ्या दाट रश्शात. शिळा पाव त्याच रश्शाला दाटपणा आणतो. उरलेला भात आणि राजमा दुसऱ्या दिवशी एकत्र कुस्करून, तव्यावर खरपूस भाजून ‘ताकू ताकू’ होतो. हा पदार्थ मूळचा गुलामांच्या चुलीवरचा. पेरूत गुलामगिरी १८५४ मध्ये संपली, पण तिच्या खुणा ताटांत आहेत. मालकांनी टाकून दिलेलं बैलाचं काळीज लाल मिरची, शिर्का, लसूण आणि जिऱ्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेलं ‘आन्तिकूचो’ आज संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. त्याच गाडीवर ‘पिकारोनेस’: लाल भोपळा आणि रताळ्याच्या आंबवलेल्या पिठाची कडी तेलात सोडायची, काडीने फिरवायची आणि लवंग-दालचिनी घातलेल्या गुळाच्या पाकासकट खायची.

ही परंपरा ज्यांनी ताठ मानेने चालवली त्या तेरेसा इस्किएर्दो यांचं नाव घेतल्याशिवाय लिमातल्या वस्तीच्या जेवणाची गोष्ट पुरी होत नाही. १९३४ चा जन्म, आई स्वयंपाकीण. १९७८ मध्ये त्यांनी लिन्से या मध्यमवर्गीय विभागात ‘एल रिंकोन के नो कोनोसेस’ नावाचं भोजनगृह काढलं आणि लिमाकडचे घरगुती पदार्थ, कोणताही मुलामा न देता, तिथे वाढले. २०११ मध्ये त्या गेल्या तोवर देशातले नामांकित बल्लव त्यांना आई मानू लागले होते. गास्तोन आकुरियो यांनी पेरूचं जेवण जगभर नेलं हे खरंच आहे, पण त्याआधी तेरेसाबाईंसारख्यांनी ते घरी जपून ठेवलं होतं.

रात्री मात्र खानावळीचा फळा आत असतो आणि गल्लीत कोळशाचा धूर दरवळतो. ती वेळ ‘पोय्यो आ ला ब्रासा’ची. गंमत म्हणजे हा पेरूचा सर्वांत लोकप्रिय पदार्थ एका स्विस माणसाचा. १९५० मध्ये लिमाजवळ रॉजर शूलर यांनी कोंबड्या निखाऱ्यावर फिरवून भाजायला सुरुवात केली, यंत्र बनवून दिलं फ्रान्झ उलरिख यांनी. पाव कोंबडी, बटाट्याच्या काड्या, सॅलड, हिरवी मिरचीची चटणी. सोबत पिवळाधमक ‘इंका कोला’, जो १९३५ मध्ये लिंडली या इंग्रज कुटुंबाने बाजारात आणला.

या खानावळींचे दिवस बरे नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकसंख्येच्या मानाने कोविडने पेरूइतकी माणसं जगात क्वचितच कुठे नेली. शेकडो फळे कायमचे आत गेले, आणि वस्त्यांमध्ये बायकांनी पुन्हा एकदा सामुदायिक चुली मांडल्या. २०२३ मध्ये उत्तरेत अतिवृष्टी झाली, पिऊराच्या बागा बुडाल्या आणि लिंबू कितीतरी पटींनी महागलं. सेविचेवाल्यांनी लिंबात इतर आंबट रस मिसळून दिवस काढले, पण ताटाचा दर वाढवायला ते धजावत नव्हते. आता सर्वांत मोठं संकट खंडणीचं. फोनवर धमकी येते, दारात काडतूस ठेवलेलं सापडतं. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बसवाल्यांनी याविरुद्ध संप केले तेव्हा बातम्या झाल्या. किराणावाले, सलूनवाले आणि खानावळवाले दर आठवड्याला निमूट पैसे मोजतात त्याची बातमी होत नाही. बाईंनी यावर बोलायचं टाळलं. संध्याकाळची वेळ बंद करून फक्त दुपारीच का उघडता, एवढंच मी विचारलं होतं. त्यांनी दाराला नव्याने बसवलेल्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवलं आणि सूप वाढायला निघून गेल्या. पेरूचं सरकार परदेशांतल्या प्रदर्शनांत आपल्या पाककलेचे मोठे मांडव घालतं. त्या पाककलेची राखण करणाऱ्यांना दुकान निर्धास्तपणे उघडं ठेवता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

माचू पिचूला जाणारे मराठी प्रवासी आता वाढले आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात लिमा म्हणजे मिराफ्लोरेसमधली एक रात्र. माझी त्यांना विनंती आहे की एक दुपार राखून ठेवा. पूल ओलांडून सुरकीयोत जा, नाहीतर लिन्सेला, ब्रेन्याला. एकच्या सुमारास पोहोचा, सुटे पैसे ठेवा, ज्या फळ्यासमोर गर्दी असेल तिथे आत शिरा. मासळी खायची असेल तर तीनच्या आत खा. गोमांस वर्ज्य असेल तर ‘लोमो’, ‘सेको दे रेस’ आणि ‘आन्तिकूचो’ ही नावं लक्षात ठेवा, कोंबडीची आणि मासळीची ताटं भरपूर असतात. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण कोंबडी तिथे त्यात मोजत नाहीत. कोंबडी नको, मासळी नको असं वेगवेगळं सांगा, सूप टाळा, आणि वांकाइना, ताकू ताकू किंवा पालक-तुळशीच्या हिरव्या चटणीतल्या शेवया मागा. बाई मनापासून करून देतात. जांभळ्या मक्याचं, अननसाच्या साली आणि दालचिनी घालून उकळलेलं ‘चिचा मोरादा’ सरबत चुकवू नका. आणि सोमवार असेल तर फळ्यावर मसूर शोधा. सोमवारी मसूर खाल्ले की आठवडाभर पैसा टिकतो अशी तिथे समजूत आहे, त्यामुळे त्या दिवशी ते जवळजवळ प्रत्येक खानावळीत शिजलेले असतात.